राजधानी पैठणची, गर्दी संभाजीनगरची!

पैठण गेटला तुम्ही शंभरदा गेला असाल. कपडे, चपला, मोबाइलचं कव्हर, सगळं तिथंच मिळतं. पण त्या नावाकडे कधी लक्ष गेलंय? जुन्या शहराचा जो दरवाजा पैठणच्या रस्त्यावर उघडत होता, त्याला पैठणचं नाव मिळालं. म्हणजे हे शहर नवं होतं तेव्हा पैठण हे लोकांना सांगावं असं, सगळ्यांना ठाऊक असलेलं ठिकाण होतं.

आज चित्र उलटं आहे. पैठणची पोरं सकाळची एसटी पकडून संभाजीनगरला येतात. कुणी क्लासला, कुणी कंपनीत, कुणी दवाखान्यात. 2011च्या जनगणनेत पैठणची लोकसंख्या होती साधारण 41 हजार. संभाजीनगरची, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादची, 11 लाख 75 हजार. दोन्ही गावांत अंतर जेमतेम 50 किलोमीटर. पाऊस तोच, ऊन तेच, दुष्काळही तोच. मग एक गाव तालुकाच राहिलं आणि दुसरं महानगर झालं, हे कसं?

पाण्यामुळे? थांबा जरा!

मराठवाड्यात कुठलाही प्रश्न विचारा, पहिलं उत्तर येतं ‘पाणी’. इथं मात्र ते उत्तर बसत नाही. पैठणला गोदावरी आहे. जायकवाडीचं अख्खं धरण पैठणला आहे. 1965 मध्ये लालबहादूर शास्त्रींनी त्याची पायाभरणी केली आणि 1976 मध्ये इंदिरा गांधींनी ते लोकार्पण केलं. संभाजीनगरला काय आहे? खाम नदी. ती कशी दिसते, हे तुम्हाला सांगायला नको. आज शहर पितं ते पाणी पैठणहून पंपानं वर चढवून, पाइपातून आणलेलं.

म्हणजे पाणी आहे तिथं शहर गेलं नाही. शहर आहे तिथं पाणी आणावं लागलं.

दुसरं उदाहरण लातूरचं. 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी द्यावं लागलं. सगळ्या देशानं ती गाडी टीव्हीवर पाहिली. तरी लातूरचे क्लास ओस पडले नाहीत. पोरं येतच राहिली.

याचा अर्थ पाणी बिनमहत्त्वाचं, असा नाही. मलिक अंबरनं 1610 मध्ये खडकी वसवली आणि डोंगराकडचं पाणी जमिनीखालच्या नहरींतून गावात आणलं. ते नसतं तर खडकीचं पुढे औरंगाबाद झालंच नसतं. पण पाण्यामुळे माणसं टिकतात. माणसं मुळात येतात ती दुसऱ्याच कारणानं.

परका माणूस येतो कशाला?

गाव मोठं होणार की नाही, हे बघायचं तर एकच प्रश्न विचारा. बाहेरचा माणूस इथं रोज कशासाठी येतो?

दोन हजार वर्षांपूर्वी पैठणकडे याचं दणदणीत उत्तर होतं. सातवाहनांची राजधानी इथं होती. समुद्री व्यापाराची माहिती देणारं एक ग्रीक पुस्तक पहिल्या शतकातलं आहे. त्यात पैठण आणि तेर या दोन्ही बाजारांची नावं आहेत. इथला माल गाड्यांवर लादून थेट भडोचच्या बंदरात जायचा आणि तिथून परदेशी. व्यापारी, कारागीर, सैनिक, सगळ्यांना पैठणला येणं भाग होतं.

पुढे सत्ता हलली, व्यापाराच्या वाटा बदलल्या. पैठणकडे उरली ती पैठणी आणि नाथांची वारी. दोन्हीचं मोल मोठंच आहे. नाथषष्ठीला लाखो लोक पैठणला येतात. पण ते काल्याचा प्रसाद घेतात आणि घरी परततात. वर्षातून एकदा आलेल्या लाखांवर गाव वाढत नाही. रोज येणाऱ्या हजारांवर वाढतं. त्यांना राहायला खोली लागते, जेवायला मेस लागते, झेरॉक्स लागते. त्यातून कुणी दुकान टाकतो आणि त्या दुकानाला पोऱ्या लागतो.

1900 मध्ये मनमाडहून हैदराबादकडे जाणारी रेल्वे सुरू झाली. ती औरंगाबाद आणि जालन्यावरून गेली. पैठण बाजूला पडलं ते पडलंच. पैठणला आजही रेल्वे स्टेशन नाही.

फर्मानानं शहर होतं का?

मग सरकारनं ठरवलं की झालं का? तेही नाही. दौलताबादला विचारा. देवगिरी म्हणजे यादवांची राजधानी. 1327 मध्ये महंमद तुघलकानं दिल्लीची राजधानीच तिथं हलवली. काही वर्षांत तो हट्ट त्याला सोडावा लागला. किल्ल्याचं महत्त्व पुढेही राहिलं. पण किल्ला लढाईसाठी हवा असतो. लढाया संपल्या तसं कारणही संपलं. आज तुम्ही तिथं जाता ते रविवारी, फोटो काढायला.

आणि आपलं संभाजीनगर? तेही एकदा असंच रिकामं झालंय. औरंगजेबाच्या काळात गजबजलेलं, मग निजामाची राजधानी असलेलं हे शहर. 1763 मध्ये निजामानं राजधानी हैदराबादला नेली. दरबार गेला, त्याच्यामागे सरदार, कारागीर आणि व्यापारी गेले. 1901च्या जनगणनेत इथली लोकसंख्या 40 हजारांच्या आत होती. म्हणजे आजच्या पैठणएवढंच हे गाव उरलं होतं! बावन्न दरवाजांचं शहर म्हणून मिरवणारं गाव दीडशे वर्षं जवळपास झोपून होतं.

शहर पुन्हा उभं कसं राहिलं?

हा भाग नीट वाचा, कारण तुम्ही-आम्ही त्याच्याच जिवावर इथं आलोय.

1950 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं इथं कॉलेज सुरू केलं. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय झालं. खेड्यापाड्यांतली, ज्यांच्या घरात कुणी शाळा पाहिली नव्हती अशी पोरं शिकायला आली. 1956 मध्ये मेडिकल कॉलेज झालं, 1958 मध्ये विद्यापीठ. मग औद्योगिक वसाहती आल्या. मुंबई-पुण्याबाहेर कारखाना काढणाऱ्यांना सरकार सवलती देत होतं. त्या वाऱ्यावर चिकलठाणा आणि वाळूज उभं राहिलं. 1981 मध्ये हायकोर्टाचं खंडपीठ आलं. 1985 मध्ये वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला.

गंमत अशी, की यातली कुठलीच गोष्ट एकटी येत नाही. गाड्यांचा कारखाना आला की त्याला सुटे भाग पुरवणारे छोटे कारखानदार येतात. त्यांना आयटीआयची पोरं लागतात. पोरांना खोल्या लागतात. खंडपीठ आलं की नंदुरबारपासून लातूरपर्यंतचे पक्षकार येतात. मग वकील, टायपिस्ट, लॉज, चहावाला. 1971 मध्ये दोन लाखही वस्ती नसलेलं हे शहर 40 वर्षांत 11 लाखांच्या पुढे गेलं ते यामुळे.

पण मोठ्या झाडाखाली छोटं झाड खुरटतं, तशी पैठणची गत झाली. इतक्या जवळ सगळं असल्यावर मोठं हॉस्पिटल, मोठं कॉलेज पैठणला कोण काढणार? वॉल्टर क्रिस्टालर या जर्मन भूगोलतज्ज्ञानं 1933 मध्ये हाच हिशेब मांडला होता. मोठ्या गरजांसाठी माणूस लांब जायला तयार असतो, त्यामुळे मोठी केंद्रं मोजकी असतात आणि एकमेकांपासून दूर असतात.

लातूरनं काय केलं?

म्हणजे सगळं आधीच ठरलेलं आहे? मुळीच नाही. लातूर 1982 पर्यंत उस्मानाबाद जिल्ह्यातला एक तालुका होता. कलेक्टर ऑफिस उस्मानाबादला, म्हणजे आजच्या धाराशिवला. तरी मोठं झालं ते लातूर. 2011 मध्ये धाराशिवची वस्ती लाखाच्या थोडी वर, लातूरची पावणेचार लाखांच्या वर. बार्शीची ती छोटी रेल्वे लातूरपर्यंत गेली होती, तर धाराशिव शहर तिच्या वाटेवर नव्हतं. लातूरला धान्याची, तुरीची बाजारपेठ जमली. मग तिथल्या शिक्षकांनी ‘लातूर पॅटर्न’ उभा केला आणि महाराष्ट्रभरातून पोरं यायला लागली. यातलं बरंचसं कुठल्या राजधानीतून आलं नव्हतं. गावातल्या लोकांनी ते जमवलं.

वाळवंटातही हीच गोष्ट दिसते. जैसलमेर उंटांच्या काफिल्यांवर श्रीमंत झालं. व्यापार मुंबई बंदराकडे वळला, पुढे फाळणीनं सीमाच बंद केली. एकच कारण होतं, ते गेलं. आता पर्यटक येतात, पण शहर छोटंच आहे. जोधपूरही वाळवंटाच्या कडेला. पण तिथं हायकोर्ट, विद्यापीठ, हवाई दल, एम्स, हस्तकलेचा व्यापार. 2011 मध्येच जोधपूर दहा लाखांच्या पुढे होतं.

मग तुमच्या गावाचं काय?

पुढच्या वेळी गावी जाल तेव्हा बसस्टँडवर अर्धा तास बसा आणि मोजा. बाहेरून कोण येतंय, कशासाठी येतंय? आठवडी बाजाराला? कांदा मार्केटला? दवाखान्याला? कारण एकच सापडलं तर गाव त्याच एका खुंटीवर टांगलेलं आहे. तीन-चार सापडली तर तिथं दुकान टाकायला, लॅब काढायला, क्लास सुरू करायला हरकत नाही. पुण्याला जाण्याआधी एवढा हिशेब करून बघायला काय जातं?

संभाजीनगरकरांनीही निर्धास्त राहू नये. या शहरातल्या अनेक भागांत गेली कित्येक वर्षं नळाला रोज पाणी येत नाही. पदवी हातात पडली की पोरं पुण्याची बस बघतात. 1763 मध्ये दरबार एका हुकमानं गेला होता. आता हुकूम निघणार नाही. एकेक इंजिनिअर, एकेक नर्स, एकेक छोटा कारखानदार वैतागून निघून जाईल आणि कुणाच्या लक्षातही येणार नाही. म्हणून वॉर्डातली पाण्याची तक्रार फक्त पाण्यापुरती समजू नका. इथं राहायचं की नाही, हे पोरं त्यावरच ठरवतायत. नगरसेवक मत मागायला दारात आला, की आधी त्याला नळाचा वार विचारा.