एक्झॉसटेक: बेंड पाइपवरची छोटी डबी

काही डिस्कव्हर आणि पल्सर मोटारसायकलींच्या इंजिनाजवळ, सायलेन्सरच्या बेंड पाइपला एक छोटी बंद डबी जोडलेली दिसते. हीच ‘एक्झॉसटेक’. पुण्याच्या बजाज ऑटोने तिचे पेटंट घेतले होते. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडला की जळालेल्या वायूंची दाबलहर पाइपमधून धावते आणि परत फिरते. डबीमुळे या लहरींचा दाब बदलतो. त्यामुळे कमी आरपीएमवरही इंजिनाला चांगला टॉर्क मिळतो. बुलढाणा-मलकापूर रस्त्यावरच्या राजूर घाटात डबलसीट चढताना हाच टॉर्क कामी येतो. भारतात पेटंटची मुदत अर्जाच्या तारखेपासून 20 वर्षे असते. त्यानंतर ते तंत्र कोणालाही वापरता येते.