ट्रॉलीची जोडणी : पिन लहान, जबाबदारी मोठी



गळीत हंगाम तोंडावर आला की आपण ट्रॅक्टरचे ऑईल बदलतो, टायर बघतो, ट्रॉलीच्या फळ्या ठोकून घेतो. पण ट्रॅक्टर आणि ट्रॉली जिथे एकमेकांना धरून असतात, त्या हातभर जागेकडे कोणाचेच लक्ष जात नाही. आज आम्ही त्याच जागेविषयी लिहीत आहोत.

लिहिण्याला कारण घडले. मागल्या एका हंगामात आपल्या एका सभासदाची भरलेली ट्रॉली रात्री कालव्याच्या पुलाचा चढ चढत होती. मूळची पिन हरवलेली, म्हणून बांधकामाच्या सळईचा तुकडा घालून वर तार गुंडाळलेली. चढावर ट्रॅक्टर अडला. बरोबरचा पोरगा चाकामागे दगड लावायला उतरला, आणि त्याच वेळी सळई तुटली. पोराचा जीव वाचला, पाय मात्र गेला. "साहेब, आमचं नाव घालू नका, पण हे छापा. पिन कितीची येते हो?" असे त्याचे वडील आम्हाला म्हणाले. त्या प्रश्नाला आमच्यापाशी उत्तर नव्हते.

बैलगाडीत जे कळत होते

गाडी भरताना आपले वडील मागे जास्त मोळ्या पडू देत नसत. मागे वजन झाले की गाडी उलाळ होते, जू वर उचलते आणि बैलांचे गळे आवळले जातात. पुढे जास्त झाले तर सगळा भार बैलांच्या मानेवर. हेच गणित ट्रॅक्टरलाही लागू आहे. बैल मान हलवून सांगत होता, ट्रॅक्टर सांगत नाही, एवढाच फरक.

दोन चाकी ट्रॉलीचा थोडा भार हुकावर यायलाच हवा. त्याने ट्रॅक्टरची मागची चाके जमिनीला धरून राहतात, घसरत नाहीत. ट्रॉली मागे जड झाली तर दांडी वर उचलते, मागच्या चाकांची पकड सुटते आणि उतारावर ब्रेक लागेनासा होतो. याउलट भार फार पुढे आला तर ट्रॅक्टरचे तोंड हलके होते आणि स्टिअरिंग फिरवले तरी ट्रॅक्टर वळत नाही.

चार चाकी ट्रॉलीचे वजन तिच्या स्वतःच्या चाकांवर असते, हुकावर फक्त ओढ येते. ती सरळ रस्त्याला बरी, पण मागे घ्यायला अवघड. फडातून थोडा ऊस काढायचा, वळणे अरुंद, ट्रॅक्टर लहान, अशा वेळी लहान दोन चाकी ट्रॉलीच सोयीची. मात्र तिची जोडणी नीट निवडली पाहिजे.

तीन जागा, तीन कामे

ट्रॅक्टरच्या मागे जोडायच्या तीन जागा दिसतात. पहिली, खालच्या बाजूचा मूळ ड्रॉबार. दुसरी, मागच्या हौसिंगला बोल्टने पक्का बसवलेला ट्रॉलीचा हूक. तिसरी, लिफ्टच्या दोन हातांमध्ये बसणारी भोकांची पट्टी.

ही तिसरी जागा ट्रॉलीसाठी नाही. लिफ्टची तीन टोकांची जोडणी हॅरी फर्ग्युसन या आयरिश माणसाने नांगर व औजारे धरण्यासाठी बसवली. १९३९ साली फोर्डच्या ट्रॅक्टरवर ती मोठ्या प्रमाणावर आली. त्याआधी मागून नुसता ओढलेला नांगर खडकाला अडला की ट्रॅक्टर पुढून उठून चालकावर उलटत असे. तो धोका कमी करणे हाही त्या जोडणीचा हेतू होता. पण भरलेली ट्रॉली त्या पट्टीला लावली आणि लिव्हरला चुकून हात लागला, तर ओढण्याची जागाच वर सरकते. वरच्या टॉप लिंकच्या कानाला साखळी बांधून ओढणे तर कधीच नको.

म्हणून ट्रॉली ड्रॉबारला किंवा पक्क्या हुकालाच जोडावी. दोन चाकी ट्रॉलीचा भार हुकावर येत असल्याने कंपनीने किती भार सांगितला आहे ते पुस्तिकेत पाहून घ्यावे.

उंचीचा हिशेब

समजा, भरलेली ट्रॉली ५ टनांची आहे आणि १० मीटरला १ मीटर असा चढ आहे. चढाची ओढ सुमारे ५०० किलो, कच्च्या रस्त्याची आणखी २०० धरा, म्हणजे ७०० किलो. ट्रॅक्टरच्या पुढच्या आणि मागच्या चाकांत २ मीटर अंतर आहे. हूक जमिनीपासून ४५ सेंटिमीटरवर असेल तर या ओढीने पुढच्या चाकांवरचे सुमारे १६० किलो वजन कमी होते. तोच हूक ८० सेंटिमीटरवर नेला तर २८० किलो.

त्यात दांडीचा भार धरा. हूक मागच्या आसापासून ६० सेंटिमीटर मागे आणि त्यावर ५०० किलो असतील, तर पुढचे आणखी १५० किलो हलके झाले. उंच हुकावर एकूण ४३० किलो गेले. दोन टनांच्या ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकांवर मुळात साताठशे किलोच असतात. निम्म्याहून जास्त वजन गेल्यावर तोंड उठायला एक खड्डा पुरतो. म्हणून हूक शक्य तितका खाली, आणि भरल्यावर ट्रॉली समपातळीत उभी राहील असा. उंची जुळत नसेल तर दांडीची बदलून घ्यावी, हूक वर चढवू नये.

पिन, कडी आणि साखळी

पिन कडीच्या भोकाला जुळणारी, कंपनीने दिलेल्या मापाची आणि कठीण पोलादाची असावी. सळई, साधा बोल्ट, पहारेचा तुकडा चालणार नाही. बारीक पिन मोठ्या कडीत प्रत्येक धक्क्याला हातोड्यासारखा मार खाते. पिनला खाली क्लिप हवीच, तार नव्हे. पिनवर खाच पडली किंवा ती वाकली की भंगारात टाका. कडी झिजली तर वरून वेल्डिंगचा थर न चढवता बदला.

शिवाय दोन सुरक्षा साखळ्या दांडीखालून फुलीसारख्या ओलांडून बांधा. पिन गेलीच तर दांडी त्या झोळीत अडकते, जमिनीत रुतत नाही. वळताना ताण येणार नाही इतकीच ढील ठेवा. मागे दुसरी ट्रॉली लावत असाल तर पहिल्या ट्रॉलीचा मागचा हूक आणि त्याचे जोड आधी तपासा.

निघण्यापूर्वी

जोडताना ट्रॅक्टर मागे येत असेल तेव्हा मध्ये कोणी उभे राहू नये. ट्रॅक्टर थांबला, हँडब्रेक लागला, मग पिन घालायची. दांडी हाताने उचलून धरायला पोरांना लावू नका, खाली ठोकळा किंवा जॅक द्या. रस्त्यावर येताना दोन्ही ब्रेकची पेडले एकत्र अडकवा. उतारावर आधीच खालचा गिअर टाका, न्यूट्रल कधीही नको. दांडीवर कोणालाही बसू देऊ नका. मागे लाल परावर्तक स्वच्छ ठेवा. आणि चढावर ट्रॅक्टर अडला तर चाकामागे जायचे नाही. लागणारा ठोकळा आधीच हाताशी असावा आणि तो बाजूने, लांब दांड्याने सरकवावा.

काही सभासद म्हणतील, "इतकी वर्षं असंच चाललंय, काय झालंय?" त्यांना आम्ही त्या कालव्याच्या पुलाकडे बोट दाखवतो. आपल्या गटाचा चिटबॉय तोडीची चिठ्ठी घेऊन येईल, त्याच दिवशी पिन काढून हातात घ्या आणि उजेडात नीट बघा. ऊस एक दिवस उशिरा गाळला तरी वजनात थोडा फरक पडेल, तो पुढच्या साली भरून निघेल. पोराचा पाय भरून निघत नाही.