दोन आवाजांचे गाणे : भीमगीतांच्या सामन्याची एक कॅसेट

आपल्या समाजात ज्या घरी टेपरेकॉर्डर होता, त्या घरी भीमगीतांच्या कॅसेट असायच्याच. १९८० नंतर कॅसेट स्वस्त झाल्या आणि प्रल्हाद शिंदे यांच्यासारख्या गायकांचा बुलंद आवाज खेड्यापाड्यांत पोचला. आज त्या कॅसेट माळ्यावर पडल्या आहेत, आणि टेपरेकॉर्डर तर भंगारात गेले. परंतु एका विशिष्ट प्रकारच्या कॅसेट मात्र लोक टाकून देत नाहीत. बाजारातून विकत आणलेल्या त्या नव्हेत. जयंतीच्या किंवा तशाच एखाद्या कार्यक्रमात, मंडपात टेपरेकॉर्डर ठेवून, समोरासमोर बसलेल्या दोन गायकांचा सामना जसाच्या तसा उतरवून घेतलेल्या, अशा त्या कॅसेट. आवाज खरखरीत, मध्येच भोंग्याची शिट्टी, मध्येच एखादे मूल रडते. तरीही माणसे त्या पुन्हा पुन्हा ऐकतात. हे असे का व्हावे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

आमच्या घरी अशी एक कॅसेट आहे. साठ मिनिटांची, एका बाजूला तीस मिनिटे. १४ जानेवारी १९९४ रोजी मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार झाला. त्यानंतर थोड्याच दिवसांनी आमच्या किनवटच्या वस्तीत आनंदाप्रीत्यर्थ गाण्याचा कार्यक्रम झाला, त्याची ही कॅसेट. एक पुरुष शाहीर आणि एक गायिका, दोघेही बाहेरगावचे. त्यांची नावे फार मोठी नव्हती. आम्ही तेव्हा शाळेत होतो. थोरल्या काकांनी टेपरेकॉर्डर खुर्चीवर ठेवला होता आणि कुणी खोकू नये म्हणून आम्हांला त्याच्याजवळ राखण बसवले होते. (कॅसेटमध्ये जो पहिला खोकला ऐकू येतो तो आमचाच आहे.)

त्या दिवसांचे वातावरण नव्या पिढीला सांगणे अवश्य आहे. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने नामांतराचा ठराव केला आणि मराठवाड्यात वस्त्या पेटल्या. आपल्याच नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीच्या पोचीराम कांबळे यांना प्राण गमवावे लागले. पुढे साडेपंधरा वर्षे आंदोलन चालले. २५ नोव्हेंबर १९९३ रोजी नांदेडमध्ये गौतम वाघमारे यांनी स्वतःला पेटवून घेतले. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत नाव आले. म्हणजे ज्या मंडपात ही गाणी झाली तेथे बसलेल्या लोकांच्या डोळ्यांत आनंदही होता आणि राखही होती. कॅसेटमध्ये गायिका शहिदांची नावे घेते तेव्हा टाळ्या वाजत नाहीत. काही क्षण नुसती पेटी वाजत राहते.

आता सामना म्हणजे काय, ते पाहू. हा प्रकार आपल्याकडे एका दिवसात आलेला नाही. महाराष्ट्रात कलगी-तुऱ्याची परंपरा जुनी आहे. कलगीवाले शक्तीला श्रेष्ठ मानत, तुरेवाले शिवाला, आणि रात्ररात्र एकमेकांना कूट सवाल घालत. पोवाड्यातही शाहीर एकटा नसतो. मागे झीलकरी ‘जी जी रं जी’ म्हणत उभे असतात. सत्यशोधकांनी आपल्या जलशांत हीच लोककला समाजप्रबोधनाला जुंपली. पुढे १९३० च्या दशकात भीमराव कर्डक व त्यांच्या साथीदारांनी आंबेडकरी जलसा गावोगाव नेला, तेव्हा त्याचे बळही संवादातच होते. एक पात्र जुन्या रूढीला चिकटलेले, दुसरे शहाणे. एक अडाणी प्रश्न विचारणार आणि दुसरा त्याला मृत मांस, शिक्षण, पाण्याचा हक्क समजावून सांगणार. प्रेक्षक अडाण्याला हसता हसता स्वतःलाच हसत. आपली दहा भाषणे आणि एक जलसा यांचे वजन सारखेच, असे परमपूज्य बाबासाहेब म्हणाले होते, ही गोष्ट आपल्याकडे परंपरेने सांगितली जाते.

जलशानंतर कव्वालीचा काळ आला. पेटी, ढोलक, बेंजो आणि टाळी, आणि मंचावर दोन पार्ट्या. नियम कडक. सवाल ज्या चालीत आला त्याच चालीत जबाब द्यायचा, यमकही तेच राखायचे, आणि समोरच्याचा मुद्दा टाळून नुसती वंदना गायली तर श्रोते हुर्यो करणार. त्यामुळे गायकाजवळ गळ्याबरोबर वाचनही लागे. वामनदादा कर्डक (१९२२–२००४) यांनी मुंबईत मोठेपणी अक्षरओळख करून घेतली, १९४३ साली पहिले गाणे रचले आणि उभे आयुष्य गावोगाव गात हिंडण्यात घालवले. त्यांची गाणी गायकांच्या वह्यांत उतरलेली असत. सामन्यात अडचण आली की हाताशी असावी म्हणून ती वही पेटीवर उघडी ठेवलेली असे.

आमच्या किनवटला हा प्रकार लवकर मानवला, याचे एक स्थानिक कारणही असावे. किनवट तालुका पूर्वी हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यात होता. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षा झाली, आणि त्यानंतर अठराच दिवसांनी, १ नोव्हेंबरला, राज्यपुनर्रचनेत किनवट तेव्हाच्या मुंबई राज्यात आले. एकाच हंगामात आमच्या आजोबांचा धर्म बदलला आणि राज्यही बदलले! तेलुगू, उर्दू, गोंडी, गोरमाटी आणि मराठी एकाच बाजारात ऐकत वाढलेल्या लोकांना कव्वालीचा ‘शेर’ आणि शाहिरीचा ‘सवाल’ यांत परके काही वाटले नाही.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. बाजारातल्या कॅसेटमध्ये वाद्ये चांगली, आवाज स्वच्छ. तेथेही दोन आवाज असतात, पण दुसरा आवाज पहिल्याचीच ओळ परत म्हणतो. आमच्या मते येथेच फरक पडतो. सामन्यातला दुसरा आवाज ओळ परत म्हणत नाही, तो ती अडवतो. आमच्या कॅसेटमध्ये शाहीर पहिल्या दहा मिनिटांत विजयाचे गाणे म्हणतो. विद्यापीठाच्या दारावर नाव झळकले, छाती भरून आली, वगैरे. लोक खूष. मग गायिका उठते आणि त्याच चालीत विचारते की, नाव लागले हे खरे, पण तुमच्या वस्तीतला पुरुष आज संध्याकाळी कोठे सापडेल, वाचनालयात की गुत्त्यावर? पुरुषांच्या बाजूला शांतता आणि बायकांच्या बाजूने जो हशा उठतो तो कॅसेटमध्ये अर्धा मिनिट चालतो. शाहीर जबाब देतो तो मजुरीचा, गायरानाचा, सावकाराचा. पिण्यामागे कोण आहे ते बघ, म्हणतो. त्यावर ती पुन्हा अडवते. अन्यायाविरुद्धचे गाणे बाहेरच्या शत्रूवर बोट ठेवते, ते योग्यच आहे. परंतु दोन आवाज असले की एक बोट आपल्या घराकडेही वळते. एकट्या गायकाला हे जमत नाही असे नाही, पण त्याने घरच्यांना बोल लावला तर तो उपदेश होतो. दुसऱ्याने विचारले तर तो सवाल होतो, आणि सवालाला उत्तर द्यावे लागते.

दुसरी गोष्ट श्रोत्यांची. सामना चालू असताना बक्षिसे येतात आणि सूत्रसंचालक गाणे थांबवून देणाऱ्याचे नाव पुकारतो. लहानपणी आम्हांला या व्यत्ययाचा राग यायचा. आता वाटते की, खरी कॅसेट तीच. बँकेत कारकुनी करणाऱ्याची सवय सुटत नाही म्हणून आम्ही एकदा कागद घेऊन दोन्ही बाजूंची बेरीज केली. एकूण २३७ रुपये. सर्वांत मोठी रक्कम २१, सर्वांत लहान २. ते दोन रुपये एका शेतमजूर बाईंचे आहेत आणि तिने ते गायिकेच्या सवालाला दिले आहेत, शाहिराच्या जबाबाला नव्हे. पुकारलेल्या नावांपैकी निम्म्याहून अधिक माणसे आज हयात नाहीत. त्यांचे फोटो फारसे कोणाकडे नाहीत. त्यांनी कशावर टाळी दिली, एवढे मात्र कॅसेटमध्ये आहे.

हा अनुभव आपल्यापुरता नाही. अमेरिकेत पीट सीगर नावाचा लोकगायक होऊन गेला (मृत्यू २०१४). ८ जून १९६३ रोजी न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये त्याने केलेल्या कार्यक्रमाची ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध आहे. त्यात तो कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्क चळवळीची गाणी श्रोत्यांकडून म्हणवून घेतो. पुढे १९७५ साली त्याने आर्लो गथ्री या तरुण गायकाबरोबर श्रोत्यांसमोर गायलेल्या गाण्यांची जोड-ध्वनिमुद्रिका निघाली. आर्लोचे वडील वुडी गथ्री हे सीगरचे जुने सोबती, म्हणजे मंचावर एक वडीलधारा आणि एक मित्राचा मुलगा. अशा ध्वनिमुद्रिकांत श्रोत्यांचा आवाज ठेवलेला असतो, कापलेला नसतो. भाषा कळली नाही तरी हॉल केव्हा गाऊ लागला ते कळते.

आणि जोडीचे गाणे आपल्याकडेही संपलेले नाही. शीतल साठे आणि सचिन माळी या दाम्पत्यावर बेकायदा कारवाया प्रतिबंधक कायद्याखाली खटला दाखल झाला. २ एप्रिल २०१३ रोजी ते मुंबईत विधान भवनासमोर स्वतः हजर झाले. गर्भवती असलेल्या शीतल साठे यांना त्याच वर्षी जामीन मिळाला, सचिन माळी यांना जामिनासाठी २०१७ पर्यंत थांबावे लागले. पुन्हा ती दोघे जलसा घेऊन उभी राहिली. विद्यार्थी मित्रांनी त्यांचे कार्यक्रम मोबाईलवर जरूर ऐकावेत, आणि ऐकताना श्रोत्यांकडे कान द्यावा. आजकाल जयंतीला जो डीजे लागतो त्याच्यापुढे श्रोत्याने काय म्हटले ते ऐकूच येत नाही, ही आमची मुख्य तक्रार आहे. नाचायला आमची ना नाही.

आता कॅसेटमधील एक दोष सांगितला पाहिजे, कारण तिचे सगळे आकर्षण आमच्या मते त्या दोषात आहे. पहिली बाजू संपत आली असताना गायिका शेवटचा सवाल टाकते. विद्यापीठाच्या दारावर बाबांचे नाव आले, आता त्या दारातून या वस्तीची लेक कोणती जाणार, तिचे नाव सांगा. येथे पट्टी संपते. काकांनी कॅसेट उलटी करून लावेपर्यंत जबाब होऊन गेला. दुसरी बाजू सुरू होते ती टाळ्यांनी.

शाहिराने काय जबाब दिला? तीस वर्षे आमच्या घरात यावर वाद आहे. काका म्हणत, त्याने माता रमाईचे नाव घेतले. माय म्हणते, त्याने कोणाचेच नाव घेतले नाही, हात जोडले, त्याच्या टाळ्या आहेत. शेजारचे बेंजोवाले मामा, जे त्या रात्री साथीला बसले होते, ते म्हणतात की त्याने समोर बसलेल्या एका मुलीला उभे केले. आमची थोरली बहीण त्या रात्री मंडपात होती. तिची शाळा सातवीनंतर सुटलेली होती. ती या वादात कधी बोलत नाही. कॅसेट लागली की पहिल्या बाजूच्या शेवटी काहीतरी कामाला उठते.

यात आणखी एक गंमत अशी की, जानेवारीत नाव आले आणि १७ सप्टेंबर १९९४ रोजी नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. आपल्या जिल्ह्यातील महाविद्यालये तिकडे गेली. ज्या नावासाठी आमच्या जिल्ह्याने रक्त दिले ते नाव आमच्या बी.ए.च्या पदवीवर नाही. याचे वाईट वाटत नाही असे म्हणणार नाही. नवे विद्यापीठ जवळ आल्याने आमच्यासारखे कितीतरी शिकले, हेही तितकेच खरे. हा सवाल-जबाब अद्याप कुणा शाहिराने गायलेला आम्ही ऐकला नाही.

गेल्या वर्षावासात आमच्या भाच्याने ती कॅसेट संगणकावर उतरवली आणि विहारात एका रविवारी सर्वांना ऐकवली. पट्टी जिथे संपते तिथे त्याने थांबवले. मागे बसलेल्या दोन मुलींनी आपापली नावे ओरडून सांगितली. एक अकरावीला आहे, दुसरी नर्सिंगला. बेंजोवाले मामा लगेच म्हणाले, “पोरींनो, नाव बरोबर आहे, पण यमक कुठाय?” मग अर्धा तास यमक जुळवण्यात गेला. बहीण त्या दिवशी उठली नाही, बसून होती.

अशा कॅसेट आणखी किती घरांत असतील कोण जाणे. पावसाळ्यात पट्टीवर बुरशी धरते आणि एकदा चिकटलेली पट्टी चालवली की तुटते. तेव्हा ज्यांच्याजवळ असतील त्यांनी घरी वाजवून पाहू नयेत. कॅसेटच्या वरच्या कडेची दोन्ही चिमुकली झाकणे मोडून टाकावीत, म्हणजे चुकून दुसरे काही भरले जाणार नाही. वेष्टनावर गाव, साल व प्रसंग पेन्सिलीने लिहावा आणि संस्थेच्या ग्रंथालयात आणून द्यावी. उतरवून झाल्यावर मूळ कॅसेट ज्याची त्याला परत मिळेल. १९९४ च्या त्या रात्री आमच्याशिवाय आणखी दोघांनी टेप लावला होता असे मामा सांगतात. त्यांची कॅसेट कदाचित आमच्याआधी किंवा नंतर उलटली असेल.