सायकलला नंबर प्लेट नसते

केळव्याहून दक्षिणेला उसरणी, माथाणे, एडवण, कोरे करत दातिवऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर सायकली दोन तऱ्हेच्या दिसतात. रविवारी सकाळी वसई-विरारकडून, कधी थेट मुंबईतून आलेल्या, बारीक टायरच्या, हेल्मेटवाल्या. आणि बारा महिने तेरा काळ दिसणाऱ्या: वाडीवर कामाला निघालेल्या, हँडलला मासळीची पिशवी अडकवलेल्या, शाळेच्या वेळेला तिघीतिघींनी रस्ता अडवणाऱ्या. किमतीत जमीन-अस्मानाचा फरक, पण नंबर प्लेट दोन्हींना नाही.

मोटरसायकल पडली तर नंबरावरून मालक सापडतो. पायडल मारायची सायकल कायद्याच्या लेखी मोटार वाहनच नव्हे. तिची नोंदणी नाही, लायसन नाही, आरसी बुक नाही. त्यामुळे शुद्ध हरपलेला सायकलस्वार दवाखान्याच्या वहीत ‘अनोळखी पुरुष, वय अंदाजे ४०’ एवढाच उरतो. उपचार त्यामुळे थांबत नाहीत. अडतं ते पुढचं: कुठल्या गोळ्या चालू आहेत, कशाची ऍलर्जी आहे, घरी कळवायचं कोणाला. हे सांगणारी चार ओळींची चिठ्ठी अंगावर ठेवायला पाच रुपयेसुद्धा लागत नाहीत. तरी ती फारसं कोणी ठेवत नाही, आणि प्रत्येकाकडे त्याचं एक पटण्यासारखं कारण तयार असतं.

गैरसमज : फोन आहे ना खिशात.

आहे, पण कुलूपबंद. २००५ मध्ये ब्रिटनमधल्या बॉब ब्रॉची या रुग्णवाहिका कर्मचाऱ्याने युक्ती सुचवली होती की फोनच्या यादीत जवळच्या माणसाचा नंबर ‘आयसीई’ (इन केस ऑफ इमर्जन्सी) या नावाने ठेवा, म्हणजे आणीबाणीत कोणाला लावायचा ते परक्यालाही कळेल. तेव्हा बटणांचे फोन होते आणि ते कोणीही उघडू शकत होतं. युक्ती जगभर पसरली, आपल्याकडेही आली. आज तीच यादी पासवर्ड नाहीतर बोटाच्या ठशामागे गेली आहे, पण ‘आयसीई’ लिहिलंय म्हणून निर्धास्त असलेली मंडळी अजून भेटतात.

सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घालू, असं कोणी सुचवतं. घाला, पण बहुतेकांचे नंबर आता गूगलच्या खात्यात असतात, सिम रिकामंच निघतं. त्या सिमवर घरून फोन येईल एवढीच आशा. प्रत्यक्षात पुष्कळदा होतं तेच: लोक खिशातला फोन वाजायची वाट पाहतात. पण कामावर गेलेल्या माणसाला घरून फोन येतो तो बऱ्याचदा संध्याकाळी, तो घरी आला नाही म्हणून.

यावर उपाय फोनमध्येच आहे. अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये आणीबाणीची माहिती भरायची सोय असते. आयफोनमध्ये ती ‘हेल्थ’ ॲपमधल्या ‘मेडिकल आयडी’त भरायची आणि कुलूप असतानाही दिसेल अशी परवानगी द्यायची. मग पासवर्ड न घालता ‘इमर्जन्सी’ दाबलं की नाव, औषधं आणि नातेवाइकाचा नंबर दिसतो. दहा मिनिटांचं काम आहे. मात्र तुमच्या फोनवर ते कुठे उघडतं हे घरातल्या एखाद्याच्या हातात फोन देऊन तपासा. आणि हे करूनही कागद ठेवाच, कारण पडल्यावर पहिली काच फुटते ती फोनची.

गैरसमज : आधार कार्ड असलं की झालं.

आधार कार्डावर काय नसतं ते पाहिलं तर उत्तर मिळतं. रक्तगट नसतो. औषधं, ऍलर्जी नसते. घरच्यांचा नंबर नसतो. पत्ता असतो, पण तो कधी काळचा. बोईसरच्या भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याच्या आधारवर पत्ता अकोल्याचा असला, तर कळवायचं अकोल्याला आणि बायको वाट बघतेय बोईसरला.

याहून पक्का समज म्हणजे ‘बोट ठेवलं की नाव निघतं’. दुकानात, बँकेत आधारवर बोट ठेवताना आधी आधार क्रमांक द्यावा लागतो. हा ठसा त्या क्रमांकाचा आहे की नाही, एवढंच यंत्र सांगतं. नुसत्या ठशावरून देशातला माणूस शोधून काढायची सोय दवाखान्याला किंवा पोलीस ठाण्याला नाही, आणि २०१६ च्या आधार कायद्याच्या २९व्या कलमाने ठसे-बुबुळांची माहिती कोणालाही, कुठल्याही कारणासाठी द्यायला मनाई केली आहे. बेशुद्ध माणसाचा अंगठा सगळ्या प्रश्नांची उत्तरं देईल हे सिनेमात ठीक आहे.

ओळखपत्र नेहमी जवळ ठेवायची सवय या किनाऱ्याला नवी नाही. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबईवरच्या हल्ल्यानंतर सागरी मच्छिमारांना बायोमेट्रिक ओळखपत्रं देण्याची योजना केंद्राने आणली. पण त्या कार्डाचं काम ‘हा कोण’ हे तपासणाऱ्याला पटवणं. सायकलवरच्या चिठ्ठीचं काम वेगळं, ‘याचं कोण’ हे सांगणं. दोन्ही कामं एकाच कार्डाने होतील असं धरून चालतो तिथे गफलत होते.

गैरसमज : रक्तगट लिहिला की महत्त्वाचं लिहून झालं.

हेल्मेटवर ‘बी पॉझिटिव्ह’चं स्टिकर, बस. खरं तर हीच माहिती डॉक्टर सगळ्यात कमी वापरतात. कार्डावर, स्टिकरवर किंवा गोंदणात काहीही लिहिलेलं असो, रक्त चढवण्याआधी दवाखाना स्वतः गट तपासतो आणि पिशवीतल्या रक्ताशी जुळवून पाहतो. तेवढाही वेळ नसेल तर ओ गटाचं रक्त लावून सुरुवात करतात. तुमच्या स्टिकरवर विसंबून कोणी पिशवी लावत नाही, आणि लावू नये.

याला अपवाद आहे, आणि तो आपल्याच राज्यात सापडलेला. १९५२ मध्ये डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत एक असा रक्तगट नोंदवला, की नेहमीच्या तपासणीत तो ‘ओ’ दिसतो पण ओ गटाचं रक्तही त्याला चालत नाही. ओ गटाच्या पेशींवर ‘एच’ नावाचा घटक असतो. या माणसांत तोच नसतो, म्हणून त्यांचं शरीर ओ गटाच्या पेशीही नष्ट करतं. जगभर त्याला ‘बॉम्बे’ रक्तगट म्हणतात. ज्याला आपला गट हा आहे हे ठाऊक आहे, त्याने ते ठळक अक्षरात लिहायलाच हवं. आरएच निगेटिव्ह असाल तर तेही लिहा, रक्तदाता शोधायला आधी सुरुवात करता येते.

बाकीच्यांनी पहिली जागा औषधांना द्यावी. हृदयाची शस्त्रक्रिया किंवा स्टेंट झाल्यावर रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या देतात. असा माणूस डोक्यावर पडला तर बाहेर खरचटल्याएवढं दिसतं आणि आत रक्तस्राव चालू राहतो. गोळीचं नाव कळलं तर डॉक्टर स्कॅनची घाई करतात. मधुमेहाची गोष्ट आणखी वेगळी. इन्सुलिन घेणारा माणूस न खाता तासभर सायकल हाणतो, साखर उतरते, घाम फुटतो, जीभ अडखळते, तोल जातो. ताडी-माडीच्या या पट्ट्यात बघणारा काय म्हणेल ते सांगायला नको. ‘टाकून आलाय’ म्हणून त्याला झाडाखाली झोपवलं, तर तो उठेलच याची खात्री नाही. ‘मधुमेह, इन्सुलिन चालू’ एवढे तीन शब्द खिशात सापडले तर शुद्धीवर असेतो त्याला साखरपाणी तरी कोणी देईल. (शुद्ध गेली असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही.) फिट येत असेल तर तेही लिहा. आणि पालघर जिल्ह्यात सिकलसेल आहे. ज्यांना त्याच्या तपासणीचं कार्ड मिळालंय त्यांनी ते घरच्या कपाटात ठेवून उपयोग नाही.

गैरसमज : चिठ्ठी सापडली तरी हात कोण लावणार? पोलिसांचं लचांड मागे लागतं.

हा समज एके काळी अगदीच चूक नव्हता. ‘सेव्हलाइफ फाउंडेशन’च्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ३० मार्च २०१६ रोजी मदत करणाऱ्यांना संरक्षण देणाऱ्या मार्गदर्शक सूचनांना कायद्याचं बळ दिलं. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १३४-अ हे कलम आलं आणि २०२० मध्ये त्याचे नियम झाले. आता जखमीला दवाखान्यात पोचवणाऱ्याला नाव-पत्ता सांगायची सक्ती करता येत नाही, अडकवून ठेवता येत नाही, आणि चांगल्या हेतूने मदत करताना काही कमी-जास्त झालं तर त्याच्यावर दावा लागत नाही. साक्षीदार व्हायचं की नाही हे तो स्वतः ठरवतो. गंभीर जखमीला पहिल्या तासात दवाखान्यात नेणाऱ्याला केंद्र सरकार बक्षीसही देतं. ते आधी ५,००० रुपये होतं, आता २५,००० आहे. आठवडी बाजारात दहा जणांना विचारून पहा, यातलं किती जणांना ठाऊक आहे.

दवाखान्याच्या बाजूनेही तसंच. ‘आधी पोलिसांचं पत्र आणा’ हा प्रकार न्यायालयाने १९८९ मध्येच परमानंद कटारा खटल्यात मोडीत काढला: आधी जीव, मग कागद. मे २०२५ पासून केंद्राची विनारोकड उपचारांची योजना आहे. निवडलेल्या रुग्णालयांत अपघातापासून सात दिवस, दीड लाख रुपयांपर्यंत. यात एक मेख आहे. अपघातात मोटार वाहनाचा संबंध असावा लागतो. टेम्पोने उडवलं तर सायकलस्वार योजनेत बसतो. रस्त्यावर आलेल्या वाळूत एकटाच घसरला तर बसत नाही.

फोन कोणाला करायचा, यावर फार खल करू नये. रुग्णवाहिकेसाठी १०८, राज्यात ही सेवा २०१४ पासून आहे, ती फुकट आहे आणि गाडीत डॉक्टर असतो. ११२ वर पोलीस आणि बाकी सगळं. हद्द केळव्याची की सफाळ्याची, हा वाद आपण घालायचा नाही. गावाचं नाव आणि जवळची ठळक खूण सांगायची. ‘एडवणला, रस्त्यावर’ म्हणू नये. आशापुरी मंदिराच्या अलीकडे की पलीकडे, ते सांगावं.

गैरसमज : हे शहरातल्या हौशी लोकांचं खूळ.

हौशी सायकलस्वार बहुधा चार जणांत असतो, त्याला नावाने ओळखणारा कोणीतरी मागे-पुढे असतोच. एकटा असतो तो तारापूर एमआयडीसीत रात्रपाळी सुटून बोईसरच्या खोलीकडे निघालेला कंत्राटी कामगार. त्याच्या गेटपासवर कंपनीचं नाव असतं, फार तर ठेकेदाराचा नंबर, आणि पाळी सुटताना तो पासही कधी कधी गेटवर जमा होतो. त्याची माणसं उत्तर प्रदेशात नाहीतर ओडिशात. त्याने चिठ्ठीवर पहिला नंबर गावाकडचा घालू नये. खोलीतल्या जोडीदाराचा घालावा, तासाभरात येऊन उभा राहील असा. घरचा नंबर त्याच्या खाली.

तर ती चिठ्ठी. व्हिजिटिंग कार्डाएवढा जाड कागद आणि बॉलपेन. जेलची शाई घामाने फुटते आणि पालघरच्या पावसात तर निळा डाग तेवढा उरतो. पूर्ण नाव आणि जन्मसाल. नुसतं ‘पाटील, एडवण’ लिहिलंत तर अर्धं गाव दवाखान्यात येईल. मग दोन नंबर, प्रत्येकापुढे नातं. मग आजार आणि औषधं; नावं पाकिटावर छापलेल्या इंग्रजी स्पेलिंगने आणि आकडेही इंग्रजी, कारण इथला गंभीर रुग्ण मुंबईला जातो तसा वापी-सिल्वासालाही जातो. ऍलर्जी नसेल तर ‘नाही’ असं लिहा. जागा कोरी सोडली तर ‘माहीत नाही’ असा अर्थ घेतला जातो.

ठेवायची कुठे, तर सायकलवर नाही. सीटखालच्या पिशवीत टायर काढायचे लिव्हर आणि जोडीला चिठ्ठी, ही सगळ्यात लोकप्रिय आणि सगळ्यात चुकीची जागा. माणूस रुग्णवाहिकेतून जातो, सायकल रस्त्याकडेला राहते. हेल्मेटच्या आतही नको. तेही तिथेच राहतं. फोनच्या पारदर्शक कव्हरमागे, जिथे लोक दहाची नोट ठेवतात, तिथे एक आणि खिशात प्लास्टिकच्या पिशवीत दुसरी. मनगटाला पट्टी बांधत असाल तर उत्तमच.

चिठ्ठीवर घरचा पत्ता आणि आधार क्रमांक लिहायची गरज नाही; हरवली तर परक्याच्या हाती नको ते पडतं. शाळेच्या मुलींच्या दप्तरावर बाहेरून मोठ्या अक्षरात नाव आणि मोबाइल नंबर रंगवू नये. दप्तराच्या आतल्या कप्प्यात ठेवावं, आणि ते तिथे आहे हे वर्गशिक्षकांना सांगून ठेवावं.