श्वासपटलाचे भोक

तळ कापलेली बाटली, आत फुगा आणि तळाशी ताणून बांधलेले रबर. श्वसन शिकवताना नवी मुंबईतील शाळांत आम्ही हा प्रयोग अनेकदा दाखवतो. रबर खाली ओढले की फुगा फुगतो. आता रबराला भोक पाडून पाहा. हवा भोकातूनच शिरते. फुगा लोंबतच राहतो.

शरीरात रबराच्या जागी श्वासपटल असते. हा घुमटाकार स्नायू वरची फुप्फुसे आणि खालचे यकृत, जठर, प्लीहा यांना वेगळे ठेवतो. उच्छ्वासाच्या शेवटी तो जवळजवळ स्तनाग्रांच्या पातळीपर्यंत चढतो. म्हणून बरगड्यांमधून शिरलेली गोळी पोटातले अवयवही फाडू शकते.

अशा जखमी सैनिकाची आधी छाती पाहायची की पोट? छातीत साचलेली हवा व रक्त फुप्फुसाला दाबून काही मिनिटांत प्राण घेऊ शकतात. म्हणून प्रथम बरगड्यांमधून नळी घालून तिचे दुसरे टोक बाटलीतील पाण्याखाली ठेवतात. हवा बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडते, पण परत आत जात नाही. बहुतेक वेळा छातीसाठी एवढे पुरते. मग पोट उघडून रक्तस्राव थांबवतात, आतडे शिवतात. श्वासपटलाचे भोक लहान असले तरी न विरघळणाऱ्या धाग्याने शिवतात. कारण छातीतील दाब पोटातल्यापेक्षा कमी असल्याने जठर व आतडी त्यातून वर ओढली जातात, कधी कधी काही वर्षांनीही.

फाटलेल्या आतड्यातील घाण पसरू लागली की प्रत्येक तास मोलाचा ठरतो. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेले, तेव्हा आघाडीवर पेनिसिलिन नव्हते. १९४१ साली ते ज्या रुग्णालयाचे प्रमुख झाले, त्याला कॅनडाचे छातीचे शल्यविशारद नॉर्मन बेथून यांचे नाव होते. जखमींवर आघाडीजवळच शस्त्रक्रिया व्हावी, हा बेथून यांचा आग्रह. १९३९ साली शस्त्रक्रिया करताना बोट कापले आणि जंतुसंसर्गाने ते वारले. कोटणीसही ९ डिसेंबर १९४२ रोजी, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी चीनमध्येच गेले.

प्रयोगाच्या शेवटी विद्यार्थ्याला रबराच्या भोकावर बोट दाबून धरायला सांगावे. फुगा पुन्हा फुगेल. शल्यविशारदाचा टाका नेमके हेच काम करतो.