परसातील उपद्रवी मांजर : न मारता बंदोबस्त



परसातील कोंबडीची पिल्ले एकेक करून नाहीशी होऊ लागली, किंवा मिरचीच्या गादीवाफ्यावर नुकतीच उगवलेली रोपे सकाळी उकरलेली दिसली, की घरातील सर्वांचा राग मांजरावर निघतो. मग कोणी काठी उचलतो, कोणी पोते शोधतो, तर कोणी दुधात कीटकनाशक कालवून ठेवतो. यापैकी कोणत्याही उपायाने उपद्रव कायमचा थांबत नाही, आणि शेवटचा उपाय तर आपल्याच घरावर उलटतो. मांजर परसात का येते हे नीट समजून घेतले तर थोड्या खर्चात, कोणत्याही जिवाला इजा न करता त्याचा बंदोबस्त करता येतो.

चोर कोण ते आधी पहा

प्रत्येक पिल्लू मांजरच नेते असे नाही. मुंगूस, घूस, कावळा, घार आणि डोंगराजवळच्या गावांत रानमांजर हेही पिल्ले उचलतात. दिवसाढवळ्या अंगणातून पिल्लू गेले तर आधी घार व कावळ्याचा संशय घ्यावा. रात्री खुराड्यातून गेले तर संध्याकाळी खुराड्याभोवती हातभर रुंदीचा चुलीतल्या चाळलेल्या राखेचा पट्टा पसरावा आणि सकाळी ठसे पहावेत. मांजराचा ठसा गोल, चार बोटांचा असतो व त्यात नखे उमटत नाहीत, कारण चालताना ते नखे आत ओढून घेते. मुंगसाच्या ठशात पाच बोटे व पुढे नखांच्या खुणा दिसतात. खुराड्याच्या तळाशी ताजे बीळ व मातीचा ढीग दिसला तर ते काम घुशीचे समजावे. रानमांजर गावमांजरापेक्षा उंच पायांचे, भुरकट रंगाचे व आखूड शेपटीचे असते. त्याला वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार संरक्षण आहे, हे ध्यानात ठेवावे.

विष नको, हाकलूनही उपयोग नाही

दुधात किंवा मासळीत कालवलेले विष मांजरच खाईल याची खात्री कोणीही देऊ शकत नाही. ते आपला कुत्रा खातो, कोंबड्या टिपतात, रांगते मूल हात घालते. फोरेटवर तर देशात ३१ डिसेंबर २०२० पासून बंदी आहे. कोनाड्यात जुना डबा उरला असेल तर तो वापरू नये, कृषी सहायकाला विचारून त्याची विल्हेवाट लावावी. उंदरांसाठी झिंक फॉस्फाइडचे आमिष ठेवणाऱ्यांनी मेलेले उंदीर रोजच्या रोज गोळा करून खोल पुरावेत, कारण असा उंदीर खाऊन मांजर दगावू शकते. डांबरगोळ्या टाकणे किंवा फिनाइल शिंपडणे अनेकांना निरुपद्रवी वाटते. परंतु मांजराच्या यकृताला ही द्रव्ये नीट पचवता येत नाहीत. पायाला लागलेले फिनाइल ते चाटते आणि आजारी पडते. मिरचीपूडही टाकू नये. ती डोळ्यांत व पंजांत जाते आणि वारा फिरला की आपल्याही नाकात.

कायद्याची बाजूही माहीत असावी. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध अधिनियम, १९६० नुसार मांजराचा छळ हा गुन्हा आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ नुसार प्राण्याला मारणे, विष घालणे किंवा अपंग करणे यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मांजर मारले तर काशीला सोन्याचे मांजर द्यावे लागते असे आपल्या आज्या सांगत. त्यामागची भीती काही असो, त्या धाकाने पुष्कळ मांजरे वाचली.

पोत्यात घालून लांब सोडून येणे हा गावोगावचा आवडता उपाय आहे. मीही तो केला आहे, म्हणून थोडे सविस्तर सांगतो. सात-आठ वर्षांपूर्वी आमच्या घरी आईने गिरिराजची वीस पिल्ले आणली होती. दहा दिवसांत त्यातली अकरा गेली. एका करड्या मांजरीला मी रंगेहाथ पकडले आणि पोत्यात घालून ओढ्यापलीकडे, तीनेक किलोमीटरवर सोडून आलो. दुसऱ्या रात्री कडब्याच्या गंजीतून बारीक ओरडणे ऐकू येऊ लागले. पेंढ्या बाजूला केल्या तर आत चार पिल्ले, डोळे नुकते उघडलेली. मी सायकल काढून ओढ्यापलीकडे गेलो, हाका मारल्या, पण मांजर सापडली नाही. आईने कापसाच्या बोळ्याने पिल्लांना दूध पाजायचा प्रयत्न केला. तिसऱ्या रात्री मांजर आपली आपण परत आली, तोवर दोन पिल्ले मेली होती. आई मला काही बोलली नाही. तिने खुराड्याचे दार तेवढे दाखवले. ते चार बोटे उघडे राहत होते, आणि शेतीशास्त्र शिकवणाऱ्या मुलाला ते दिसले नव्हते.

शिवाय मांजर आपापला टापू धरून राहते. एक हलवले की मोकळ्या झालेल्या जागेत काही दिवसांत दुसरे येते, कारण खाणे व आडोसा तिथेच असतो. म्हणून सुरुवात या दोन गोष्टींपासून करावी.

खुराडे पक्के करा

पिल्ले पहिले सहा ते आठ आठवडे मांजराच्या तावडीत सहज सापडतात. पुढे वाढलेल्या कोंबडीच्या वाटेला मांजर सहसा जात नाही. म्हणजे खरी राखण दोन महिन्यांची आहे. खुराड्याला अर्ध्या इंचाची वेल्डमेश जाळी लावावी. षटकोनी एक इंची जाळीतून मांजर पंजा आत घालून पिल्लू ओढते. आधीच एक इंची जाळी असेल तर खालच्या दोन फुटांपर्यंत पत्रा किंवा फळ्या ठोकाव्यात, म्हणजे जाळीला टेकून झोपलेली पिल्ले सुरक्षित राहतात. छत उघडे ठेवू नये, कारण मांजर एका उडीत पाच फुटांपर्यंत जाते आणि चढते त्याहून उंच. दाराची फट कमी करावी. मांजराचे डोके जिथून जाते तिथून बहुधा अंगही जाते. कडी नुसती न अडकवता तिच्यात खुंटी घालावी. ज्यांच्याकडे खुराडे नाही त्यांनी डालग्याखाली पिल्ले डालताना वर दगड ठेवावा, नाही तर मांजर डालगे लोटून पाडते. दिवे लागण्यापूर्वी पिल्ले आत घ्यावीत, कारण तिन्हीसांजेला आणि पहाटे मांजर शिकारीला निघते.

गादीवाफ्यांचे संरक्षण

मांजराला विष्ठा पुरण्यासाठी कोरडी, भुसभुशीत माती लागते. आपण शेणखत घालून, ढेकळे फोडून तयार केलेला गादीवाफा म्हणजे त्याच्या दृष्टीने आयती जागा. वाफ्यावर पऱ्हाट्या किंवा तुराट्या वीतभर अंतराने आडव्या-उभ्या अंथरल्या तर त्याला उकरायला जागा मिळत नाही. रोपे दोन पानांवर आली की काड्या हलक्या हाताने काढाव्यात. त्याहून चांगले म्हणजे बांबूच्या कमानी करून ४० ते ५० मेशची नायलॉन जाळी लावावी व तिच्या कडा मातीत दाबाव्यात. मिरची-टोमॅटोच्या रोपांना विषाणू पसरवणाऱ्या पांढऱ्या माशीपासूनही तिने संरक्षण मिळते, म्हणजे खर्च एक आणि कामे दोन. ओल्या मातीत मांजर बसत नाही हे खरे, म्हणून काहीजण वाफा सतत ओला ठेवतात. तसे करू नये. मांजर टळेल, पण रोपे कोलमडतील.

संत्रा-लिंबाच्या सालींचा वास मांजराला आवडत नाही. त्या दोन-चार दिवस काम देतात, मग बदलाव्या लागतात. लाल-निळ्या पाण्याच्या बाटल्या टांगून कुत्री-मांजरे पळतात यावर मात्र विश्वास ठेवू नये.

परसाच्या दूरच्या कोपऱ्यात, सावलीला, दोन फूट लांबी-रुंदीची कोरड्या वाळूची जागा करून द्यावी. मांजर आपण होऊन तिकडे जाऊ लागते.

विष्ठा, शेळ्या आणि घरातील माणसे

याकडे फार थोड्यांचे लक्ष असते. मांजराच्या विष्ठेतून टोक्सोप्लाझ्मा नावाचा सूक्ष्म परजीवी पसरू शकतो. दूषित चारा किंवा खुराक खाऊन गाभण शेळ्या-मेंढ्या गाभडतात. गरोदर स्त्रीला संसर्ग झाल्यास पोटातील बाळाला धोका पोचतो. विष्ठा पडल्यापासून हा परजीवी संसर्गक्षम होण्यास साधारण एक ते पाच दिवस लागतात. म्हणून ती रोज उचलून फूटभर खोल पुरावी. शेणखताच्या किंवा गांडूळखताच्या खड्ड्यात टाकू नये. हे काम गरोदर बाईने करू नये. शेळ्यांचा खुराक झाकणाच्या पिंपात ठेवावा, वाफ्यातील भाजी धुऊन घ्यावी. मांजराने चावा घेतला किंवा ओरबाडले तर जखम साबणाने १५ मिनिटे वाहत्या पाण्याखाली धुवावी आणि त्याच दिवशी आरोग्य केंद्रात रेबीजच्या लसीसाठी जावे.

मांजर हवेच असेल तर

उंदरांसाठी मांजर ठेवू इच्छिणाऱ्यांनी एक-दोनच ठेवावीत व त्यांची शस्त्रक्रिया करून घ्यावी. मादी पाच-सहा महिन्यांत वयात येते, सुमारे नऊ आठवडे गाभण राहते आणि वर्षातून दोन-तीनदा विते. शस्त्रक्रियेने वीण थांबते, आणि बोक्यांचे भांडण व भिंतीवर मुतणेही बरेच कमी होते. ही सोय आपल्या तालुक्याच्या दवाखान्यात आहे का ते विचारावे. नसल्यास जिल्हा पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयात किंवा मुंबई, परभणी, नागपूर, शिरवळ व उदगीर येथील पशुवैद्यकीय महाविद्यालयांत चौकशी करावी. मांजराला उपाशी ठेवले तरच ते उंदीर धरते हा समज चुकीचा आहे. पोट भरलेले मांजरही शिकार करते, आणि उपाशी मांजराची नजर आधी पिल्लांवर जाते. खाणे रोज एकाच वेळी, खुराड्यापासून दूर द्यावे व उरलेले उचलून घ्यावे. नाही तर गल्लीतील इतर मांजरे जेवायला येतील.

मांजर कडब्यात व्यालेली आढळली तर पिल्लांना महिना-दीड महिना हलवू नये. ती स्वतंत्रपणे खाऊ लागली की आईची शस्त्रक्रिया करून घ्यावी आणि गंजीतील पोकळी पेंढ्यांनी बुजवावी.