विहिरीचा धडा कोणत्या विषयात येतो?



तिसरी ते पाचवीच्या मुलांना आपण ‘परिसर अभ्यास’ शिकवतो. त्यात विज्ञान, भूगोल, नागरिकशास्त्र, इतिहास सगळं एकत्र येतं. मूल सहावीत गेलं की याच परिसराच्या वाटण्या होतात. पाणी विज्ञानात जातं, पाऊस भूगोलात, ग्रामपंचायत नागरिकशास्त्रात आणि आजीची ओवी फार तर मराठीच्या तासाला. गावातली विहीर मात्र एकच असते. तिचं पाणी का आटलं, या प्रश्नाचं पूर्ण उत्तर एका विषयाच्या पुस्तकात सापडत नाही.

माणूस आणि निसर्ग यांचं नातं इतिहास, भाषा, साहित्य, धर्म, समाजशास्त्र अशा अनेक बाजूंनी, विज्ञानाला सोबत घेऊन अभ्यासणारी एक शाखा गेल्या काही दशकांत जगभर वाढली आहे. तिला पर्यावरणीय मानव्यविद्या म्हणतात. नाव भारदस्त आहे, पण विचार अगदी परिसर अभ्यासाचाच आहे.

महाराष्ट्रात हे काम कोणी केलं?

वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक आणि परिसंस्थाशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी 1970 च्या दशकात सह्याद्रीतल्या देवरायांचा अभ्यास केला. झाडांची नोंद करायची तर गावाचा देव आणि तिथले नियमही समजून घ्यावे लागले, कारण ती झाडं श्रद्धेमुळेच टिकली होती. अॅन फेल्डहाउस या अमेरिकन अभ्यासिकेने महाराष्ट्रातल्या नद्या माणसांच्या मनात काय आहेत, याचा शोध घेतला. नदी आई का, पाण्याजवळ साती आसरा का, हे प्रश्न घेऊन त्या गावोगाव फिरल्या. त्यांचं पुस्तक 1995 साली आलं. गी पॉइटवाँ आणि हेमा राइरकर यांनी सहकाऱ्यांच्या मदतीने महाराष्ट्रातल्या खेड्यांतून एक लाखाहून जास्त जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. ज्या बायांचं म्हणणं कोणत्याही सरकारी कागदावर आलं नाही, त्यांचं पाऊस, शेत, सासर, माहेर या ओव्यांत आहे.

या सगळ्यांनी एक गोष्ट दाखवून दिली. निसर्गाची नोंद फक्त मोजमापात नसते, ती माणसांच्या बोलण्यात आणि वागण्यातही असते.

आपल्या जालन्यात याचा काय उपयोग?

जालन्याला जुने लोक ‘सोन्याचा पाळणा’ म्हणायचे. आज याच जिल्ह्याचं नाव बातम्यांत बऱ्याचदा टँकरसोबत येतं. मुलांना कारण विचारलं तर एकच उत्तर येतं, “सर, पाऊस पडत नाही.” जिल्ह्याचा सरासरी पाऊस वर्षाला साधारण साडेसहाशे ते सातशे मिलिमीटर. तो लहरी आहे, हे खरंच. पण तेवढ्याने उत्तर पुरं होत नाही. दोन दुष्काळ शेजारी ठेवून बघा.

1972 साली पिकं गेली आणि घरात दाणा उरला नाही. लोकांनी परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी खाल्ली, सुकडी खाल्ली, दुष्काळी कामांवर खडी फोडली. अशा कामांच्या अनुभवातूनच रोजगार हमी योजना आकाराला आली आणि 1977 साली तिचा कायदा झाला. त्या काळातली माणसं आजही सांगतात की अन्नाचे हाल होते, पण विहिरीच्या तळाशी पिण्यापुरतं पाणी मिळायचं.

2012-13 साली रेशनवर आणि बाजारात धान्य होतं. पाणी नव्हतं. मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या. वर्षानुवर्षं जपलेली झाडं शेतकऱ्यांनी स्वतःच्या हाताने तोडली.

पाऊस दोन्ही वेळी कमीच होता. मग फरक कशाने पडला? मधल्या चाळीस वर्षांत मोट गेली, विजेचा पंप आला, पाठोपाठ बोअर आला. मोटेला बैलांच्या ताकदीची मर्यादा होती. विहिरीचं मापही ‘एका मोटेची’, ‘दोन मोटेची’ असंच सांगायचे, म्हणजे किती उपसा झेपेल हे नावातच आलं. बोअरला ती मर्यादा नाही. खालचं पाणी दिसत नाही आणि शेजाऱ्याने किती ओढलं तेही कळत नाही. ज्वारी-बाजरीच्या रानात कापूस, ऊस, मोसंबी आली. शेतकऱ्याला चार पैसे हवे होते, यात त्याची चूक काढता येणार नाही. पण दुष्काळ आभाळातून जेवढा आला तेवढाच आपल्या निर्णयांतूनही आला, हे मुलांना कळलं पाहिजे.

दुसरी बाजूही जिल्ह्यातच आहे. जालन्याजवळच्या कडवंचीत 1990 च्या दशकात इंडो-जर्मन कार्यक्रमातून पाणलोटाचं काम झालं. खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राची साथ होती. बांधबंदिस्ती झाली, पाणी मुरलं, पुढे शेततळी आणि द्राक्षबागा आल्या. घाणेवाडीच्या निजामकालीन तलावातला गाळ काढायला शहरातले लोक एकत्र आले आणि तो गाळ शेतकऱ्यांनी शेतात नेला. इथे माती आणि उतार यांचं शास्त्र होतं, आणि माणसांनी एकत्र बसून घेतलेला निर्णयही होता.

वर्गात करून बघा

सातवी-आठवीच्या मुलांना गावातली एकच जुनी विहीर, आड किंवा बारव द्या. खोली, व्यास आणि पाण्याची पातळी मोजणं गणितात येईल. मोजणी शिक्षकांनी स्वतः उभं राहून, कठड्याबाहेरूनच करून घ्यावी. मोट, नाडा, सौंदर, धाव, थारोळं हे शब्द आजोबांकडून लिहून आणणं मराठीत. 72 साल आणि 2012 साल पाहिलेल्या दोन माणसांची मुलाखत इतिहासात. काठावर शेंदूर लावलेले साती आसरांचे दगड असतील, तर त्यांची थट्टा नको आणि प्रचारही नको. “या दगडांमुळे लोक पाण्याशी कसे वागत होते?” एवढंच विचारू द्या.

नागरिकशास्त्राचा प्रश्न सगळ्यात अवघड आहे: या विहिरीवर कोण पाणी भरू शकत होतं आणि कोण नाही? महाडच्या चवदार तळ्याचा 1927 चा सत्याग्रह पाठ्यपुस्तकात वाचताना तो लांबचा वाटतो. आपल्या गावातल्या पाणवठ्याची गोष्ट ऐकली की तो जवळ येतो. मात्र कोणत्याही मुलाला त्याच्या घराची ओळख चारचौघांत सांगायला लावू नका. जाणत्या माणसाला वर्गात बोलवा आणि बोलू द्या.

शेवटी एक चर्चा घ्या. विहिरीचं पाणी उपसून प्लॅस्टिकच्या शेततळ्यात साठवलं, तर ते एकाचं की गावाचं? यावर मुलं भांडतील. भांडू द्या. घरोघरी शेततळी आहेत, म्हणून दोन्ही बाजू पुढे येतील.

पालकांना एक विनंती. 72 साली दहा-बारा वर्षांची असलेली माणसं आज साठी ओलांडून गेली आहेत. मोट हाकलेले तर त्याहून थोडे उरलेत. त्यांच्याकडची माहिती कुठल्याच पुस्तकात नाही आणि ती फार दिवस थांबणारही नाही. या सुट्टीत मोबाईलवर त्यांचं बोलणं रेकॉर्ड करा, तारीख आणि गावाचं नाव घाला आणि शाळेत आणून द्या. दहा घरांतून दहा आवाज आले, तरी आपल्या गावाच्या पाण्याचा इतिहास लिहायला सुरुवात होईल.